‘बाधले’ म्हणजे नेमके काय झाले?

कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हैस समोर उभी असते आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो. तालमीच्या आणि दुधाच्या या शहरात ‘मला दूध सोसत नाही’ असे सांगणे अनेकांना अवघड जाते. तरीही अशी माणसे घरोघरी आहेत. कुणाला दूध बाधते, कुणाला शेंगदाणे, कुणाला कोळंबी. घरात या सगळ्याला ‘बाधणे’ हा एकच शब्द चालतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत पोट बिघडते, दुसरीत जीवावर बेतू शकते.

न पचणे

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होते. तान्हेपणी ते भरपूर असते, पण वय वाढते तसे अनेकांत ते कमी होते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगणे, गुरगुरणे, कळ येणे, जुलाब होणे सुरू होते. याला असहिष्णुता म्हणतात. त्रास खरा असतो, पण त्यात जीवाला धोका नसतो.

इथे प्रमाणाला महत्त्व आहे. पेलाभर दूध ज्याला सोसत नाही, त्याला जेवणासोबत अर्धा कप अनेकदा चालतो. दह्यातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच वापरतात, म्हणून दही-ताक बहुतेकांना पचते. म्हशीऐवजी गायीचे किंवा शेळीचे दूध घेतल्याने फारसा फरक पडत नाही, कारण तिन्हींत साधारण 4 ते 5 टक्के लॅक्टोज असतेच. दूध तापवल्याने जंतू मरतात, म्हणून ते तापवूनच प्यावे. पण त्याने लॅक्टोज जात नाही. दूध पूर्ण बंद करायची वेळ आलीच, तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि पालेभाज्या आहारात वाढवाव्यात. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र दुधाला दोष देत न बसता तपासणी करून घ्यावी.

ॲलर्जी

ॲलर्जीत पचनाचा प्रश्न नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि हल्ला चढवते. 1902 मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सागरी प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचले. त्यातून वाचलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी तेच विष फार थोड्या मात्रेत दिले, तेव्हा ते मिनिटांत कोसळले. या प्रतिक्रियेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. रिशे यांना 1913 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ‘चिमूटभर खाल्ल्याने काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगात आहे.

ॲलर्जीची लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि डोळे सुजतात. ‘पित्त उठले’ म्हणून घरात आमसूल शोधले जाते. पण गांधींसोबत आवाज घोगरा झाला, धाप लागली, वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा चक्कर आली, तर एक मिनिटही दवडू नये. यावरचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. 108 ला फोन करावा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्यावे, पण चालवत नेऊ नये. बरे वाटले तरी लक्षणे काही तासांनी उलटू शकतात, म्हणून दवाखान्यात देखरेखीखाली थांबावे.

ताटात लपलेले

ज्याला ॲलर्जी आहे, त्याने तो पदार्थ पूर्ण टाळायचा असतो आणि खरी कसोटी इथेच लागते. पांढऱ्या रश्श्यात नारळाच्या दुधासोबत काजू, खसखस, तीळ असू शकतात. भडंगात आणि खर्ड्यात शेंगदाणे असतात. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या सिलिॲक रुग्णांनी ते ध्यानात ठेवावे. वेष्टनावर दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन, ग्लुटेन यांचा उल्लेख करणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाहीत, म्हणून घटकांची यादी पूर्ण वाचावी. सुट्या मिठाईवर वेष्टनच नसते, तिथे विचारण्याला पर्याय नाही.

तपासणीचा अर्थ

रक्ताच्या एका तपासणीत पंचवीस पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आले, म्हणून मुलाचे दूध, अंडी, गहू, डाळी सगळे बंद करणारे पालक कमी नाहीत. शेजारच्या कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे 26 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, पण अन्नाची संभाव्य ॲलर्जी होती जेमतेम 1.2 टक्के लोकांना. म्हणजे कागदावर पॉझिटिव्ह असलेले बहुतेक जण ते पदार्थ मजेत खात होते. निदान होते ते आधी रुग्णाच्या हकिकतीवरून: काय खाल्ले, किती, किती वेळाने काय झाले आणि दरवेळी तसेच होते का. ही नोंद वहीत ठेवून डॉक्टरांना दाखवावी. वाढत्या मुलाचा आहार स्वतःच्या मनाने तोडू नये. तसे केल्यास ॲलर्जी नसताना कुपोषण मात्र होते.

कोल्हापूरच्या पाहुणचारात आग्रह असतोच. पाहुणा ‘मला हे चालत नाही’ म्हणाला, की ‘एक घास घ्या, काही होत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘खाल्ले तर काय होते?’ एवढे विचारावे. ‘पोट बिघडते’ असे उत्तर आले, तर किती खायचे ते त्याच्यावर सोडावे. ‘अंगावर उठते, घसा आवळतो’ असे उत्तर आले, तर तो पदार्थ त्याच्या ताटात पडूच देऊ नये. त्याच्या वाढपासाठी पळीही वेगळी घ्यावी.