पाऊस आला, दूध मागाहून

उत्तर केनियातला दुष्काळ ओसरला, अशा बातम्या २०२३च्या अखेरीस झळकल्या. तुर्काना, मार्साबित, वजीर हा सगळा पशुपालकांचा मुलूख. तिथे वर्षात दोन पावसाळे असतात आणि २०२०च्या ऑक्टोबरपासून ओळीने पाच कोरडे गेले होते. केनियात २५ लाखांवर जनावरं दगावली. मग २०२३चा दुसरा पावसाळा असा कोसळला, की गारिसा आणि मांडेरात पूर आले.

श्रेय बहुतेकदा एल निनोच्या खात्यात जमा झालं. त्याच्या जोडीला हिंदी महासागराचा द्विध्रुवही होता. द्विध्रुव म्हणजे हा महासागर तराजूसारखा वागतो: कधी पूर्वेकडचं पाणी तापतं, कधी पश्चिमेकडचं. आधीची तीन वर्षं प्रशांत महासागरात एल निनोची उलट अवस्था, ला निना, मुक्कामाला होती, कोमट पाणी इंडोनेशियाकडे साचत होतं, ढगही तिकडेच रिते होत होते. २०२३मध्ये पारडं फिरलं, आफ्रिकेलगतचं पाणी तापलं आणि बाष्पाने वाट बदलली.

हा तराजू ओळखण्यात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे आणि तो शाळेत शिकवलाच पाहिजे. १९९७मध्ये शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक आला होता. दुष्काळाच्या धास्तीत असलेल्या भारतात मॉन्सून चक्क सर्वसाधारण झाला! वर्ष संपता संपता पूर्व आफ्रिका पुरात बुडाली. या दोन्हींमागे द्विध्रुव होता. १९९९मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं वर्णन करणारा शोधनिबंध आला. लेखक होते साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि जपानचे यामागाता. गोस्वामी पुढे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचे संचालक झाले.

पण केनियात पाऊस परतला म्हणून सगळं सावरलं नाही. आभाळातला दुष्काळ काही आठवड्यांत हटतो, जमिनीवरचा रेंगाळतो. खुरांनी तुडवून टणक झालेली माती पहिलं पाणी पीत नाही, ते ओढ्यांतून वाहून जातं. हाडं वर आलेल्या शेळ्या तर पहिल्या पावसाच्या गारठ्यानेच मरतात. गवत लवकर उगवतं, पण कळप गवताच्या वेगाने वाढत नाही. केनियाच्या दुष्काळ प्राधिकरणाने दुष्काळाच्या टप्प्यांत ‘सावरणं’ हा स्वतंत्र टप्पा ठेवलाय, तो याचसाठी. शेळी पाच महिन्यांत विते, गाय नऊ महिन्यांनी. ज्या उंटिणीच्या दुधावर तिथली पोरं वाढतात, ती तेरा महिने गाभण असते. म्हणजे २०२३च्या डिसेंबरात फळलेली उंटीण २०२५च्या जानेवारीत व्यायली असणार.