पाठ असलेलं पेपरात का आठवत नाही?

"काल रात्री तर धडाधड सांगत होतास, आज काय झालं?" परीक्षेच्या दिवसांत वस्तीतल्या घराघरांतून हा प्रश्न ऐकू येतो. पोरगं मान खाली घालून बसतं. आई म्हणते अभ्यास केला नाही, शेजारची मावशी म्हणते नजर लागली. (विहारात जाऊनही ही नजर काही आपल्या बोलण्यातून जात नाही.) कधी अभ्यास खरंच कमी पडलेला असतो. पण कधी कारण वेगळं असतं, आणि मानसशास्त्रात त्याला नाव आहे: स्टिरिओटाइप थ्रेट. आपल्या भाषेत, शिक्क्याची धास्ती.

एखाद्या समाजावर मारलेला ठरावीक शिक्का म्हणजे स्टिरिओटाइप. "यांना गणित जमत नाही", "हे कोट्यातून आलेले". तो खोटा आहे हे मुलाला माहीत असतं. तरी अवघड गणित समोर आलं की मनात येतं, मी चुकलो तर म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतोच. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. हातचा धरायला, मधलं उत्तर लक्षात ठेवायला मेंदूत जी जागा लागते तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ही जागा मुळात लहान. ती धास्तीनेच अडवली, तर गणिताला उरणार किती?

१९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांबाबत हे दाखवलं. "ही तुमच्या बुद्धीची चाचणी आहे" असं सांगितलं की त्यांचे गुण घसरत. तोच पेपर साधा सराव म्हणून दिला की सुधारत.

आपल्याला अधिक जवळचा प्रयोग उत्तर प्रदेशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी तो २००४ मध्ये मांडला. सहावी-सातवीच्या ६०० हून अधिक मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात कुणी विचारली नाही, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत म्हणावा असा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं-आजाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. मुलाने फक्त मान हलवायची. एवढ्यावर दलित मुलांची सोडवलेली कोडी कमी झाली. त्यात धास्ती होती, तसा आपल्याला इथे न्याय मिळणार नाही हा अविश्वासही असावा, असं संशोधकांचं म्हणणं. तो अविश्वास पोरांनी हवेतून आणला नव्हता.

स्टिरिओटाइप थ्रेटचा परिणाम पुढच्या काही अभ्यासांत फारच कमी दिसला, हेही सांगायला हवं. प्रत्येक कमी मार्कांचं खापर यावर फोडता येणार नाही.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागे. आज गोणपाट नाही, पण भरवर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" ऐकू येतं. पालकसभेत आपण एवढं तरी मागू शकतो की जातीचे दाखले आणि फॉर्म ऑफिसात एकेकट्याकडून घ्या, वर्गात पुकारा नको.

घरी काय करायचं? २००५ मध्ये अमेरिकेत गणिताच्या पेपराआधी मुलींना ही धास्ती काय असते ते समजावून सांगितलं, तर त्यांचे गुण सावरले. म्हणून मुलांना हे नाव सांगा. धडधड झाली तर ती शिक्क्याची आहे, तुझ्या डोक्याची नाही, असं सांगा. आणि "आपल्या समाजाचं नाव काढ" हे वाक्य परीक्षेच्या सकाळी नको. प्रेमाने म्हटलं तरी ओझंच होतं ते.

दोन आठवड्यांवर झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेचं नाव काढताच पोट दुखू लागलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं मूल बोललं, तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो.