संगणकीय वादनातील काल आणि क्रम

स्वरलेखनात एका उभ्या ओळीत मांडलेले स्वर एकाच क्षणी उमटावेत, असा संकेत आहे. संगणकास मात्र प्रत्येक घटना एकामागून एक अशीच हाताळावी लागते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मिडी या संकेतप्रणालीत स्वराचा आरंभ व अंत या दोन स्वतंत्र आज्ञा होत. मूळ तारेवरून सेकंदास ३१,२५० बिट जात असल्याने तीन बाइटांच्या आज्ञेस सुमारे १ मिलिसेकंद लागतो. तेव्हा ‘एकाच क्षणी’ या शब्दांच्या पोटातही क्रम दडलेला असतो.

या क्रमातून एक दोष वारंवार उद्भवतो. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवावयाचा असता पहिल्याचा अंत व दुसऱ्याचा आरंभ एकाच कालांकावर पडतात. आरंभाची आज्ञा आधी गेल्यास मागून येणारी अंताची आज्ञा नव्या स्वरालाच बंद करते. कारण तो स्वर पहिला की दुसरा, हे तिच्यात नमूद नसते. परिणामी लिहिलेला स्वर ऐकूच येत नाही. यास्तव समान कालांकावर अंत आधी व आरंभ नंतर, असा नियम करावा लागतो. शून्य आघातबलाची आरंभाज्ञा ही अंताज्ञाच मानली जात असल्याने तिची गणनाही अंतातच करावयास हवी.

परंतु या नियमासही अपवाद आहे. शून्य कालावधीच्या स्वरास तो लावल्यास अंत आरंभापूर्वी जातो आणि स्वर अखंड वाजत राहतो. म्हणून प्रत्येक अंताची त्याच्या आरंभाशी जोडी जुळवूनच क्रम ठरविणे इष्ट होय.

दुसरा दोष कालगणनेचा. मिनिटास १२० ठोके व ठोक्याचे ४८० अंश धरल्यास एक अंश सुमारे १.०४१७ मिलिसेकंदांचा होतो. प्रत्येक अंश १ मिलिसेकंदाचा मानला, तर ठोक्यामागे २० मिलिसेकंद गळतात आणि मिनिटाचे वादन २.४ सेकंद आधीच संपते. लय जेथे शेवटची बदलली, तेथपासूनचे एकूण अंश घेऊन केवळ अखेरीस पूर्णांक केल्यास ही चूक साचत नाही.

दोन्ही दोषांची लक्षणे भिन्न आहेत. कालदोष वादनाबरोबर वाढत जातो. क्रमदोष विशिष्ट स्थळीच प्रकटतो. हा भेद ध्यानी घेऊन कालांक, क्रम व आज्ञा यांची यादी तपासल्यास दोषाचे मूळ सापडते. केवळ कानांवर विसंबल्यास शोध लांबतो.