नकाशाचे बिऱ्हाड

सन 2003 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी लार्स आणि येन्स रासमुसेन हे दोन डॅनिश बंधू, नोएल गॉर्डन व स्टीफन मा या सहकाऱ्यांसह, नकाशा दाखविणारा एक प्रोग्राम सी प्लस प्लस भाषेत रचीत होते. ग्राहकाने तो आपल्या संगणकावर रीतसर बसवावा आणि मग वापरावा, अशी त्यांची मूळ तजवीज होती. 2004 साली गूगलने त्यांची कंपनी घेतली. परंतु गूगलचा आग्रह असा, की बसवाबसवीची यातायात नको, नकाशा थेट ब्राउझरात उघडला पाहिजे. तेव्हा या मंडळींनी बांधत आणलेला वाडा सोडला, ब्राउझरात नवे बिऱ्हाड थाटले आणि 8 फेब्रुवारी 2005 रोजी गूगल मॅप्स प्रसिद्ध झाले. मौज अशी, की 2004 मध्येच गूगलने कीहोल नावाची दुसरी कंपनी घेतली होती आणि तिचा पृथ्वीगोल जून 2005 मध्ये गूगल अर्थ या नावाने जो बाहेर आला, तो मात्र संगणकावर उतरवून बसविण्याचाच होता. एकाच दप्तरातून निघालेले हे परस्परविरुद्ध हुकूम वरवर पाहता विसंगत दिसतात. माझ्या मते दोन्ही यथायोग्य होते.

खरा प्रश्न असतो तो कष्टाचे काम कोणाच्या माथी टाकायचे हा. आज रूढ असलेल्या वेब-पद्धतीत सगळे जग 256 बाय 256 ठिपक्यांच्या चौकोनी फरश्यांत विभागलेले असते: आरंभी एकच फरशी, मग दर पायरीला चौपट, या हिशेबाने अठरा पायऱ्या चढताच फरश्यांची संख्या 6,871 कोटींच्या वर जाते. पण वाचकाच्या पडद्यावर त्यांपैकी जेमतेम वीस-पंचवीस मावतात, आणि तेवढ्याच मागवून शेजारी-शेजारी मांडण्याचे हलके काम ब्राउझरकडे येते. फरश्या कापण्याचे सारे श्रम दूरच्या सर्व्हरने आधीच उरकलेले असतात. गूगल अर्थची गोष्ट निराळी. डोंगरांची उंची, तिच्यावर पांघरलेली उपग्रहचित्रे आणि पाहणाराचा क्षणाक्षणाला बदलणारा दृष्टिकोन यांचे गणित जागच्या जागी करावे लागे आणि त्यासाठी संगणकातील चित्रणयंत्रणेशी सरळ संधान लागे. ते तत्कालीन ब्राउझरांच्या आवाक्याबाहेर होते. वेगळे काही न बसविता हा गोल ब्राउझरात शिरला तो 2017 साली, तोही केवळ क्रोममध्ये. फायरफॉक्स आणि एज यांची दारे त्याला 2020 मध्ये उघडली.

हत्यारांची निवड याच विवेकाने करावी. गावचा जीर्ण नकाशा स्कॅन करून त्यातील बांध, शिवा आणि हद्दीचे दगड आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवावयाचे असतील, फाइली अगडबंब असतील आणि शिवारात नेटवर्कचा भरवसा नसेल, तर संगणकावर बसणारा क्यूजीआयएससारखा प्रोग्राम हवा. गॅरी शेर्मन यांनी 2002 मध्ये आरंभिलेला हा प्रकल्प सी प्लस प्लस भाषा आणि क्यूटी हा साधनसंच यांवर उभा आहे, विंडोज व लिनक्स दोहोंवर चालतो, त्याला पायथॉन भाषेत स्वतःची जोड देण्याची मुभा आहे, आणि त्यास दाम पडत नाही. उलटपक्षी महाभूनकाशा संकेतस्थळावर गट क्रमांक घालून आपल्या शेताची आकृती पाहू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास ‘आधी हा प्रोग्राम बसवा’ असे सांगणे हा निव्वळ छळ होय. तेथे ब्राउझरच हवा; आणि त्यासाठी नकाशा मांडणाऱ्या तयार साधनांपैकी ओपनलेयर्स किंवा युक्रेनच्या वोलोदिमिर अगाफोंकिन यांचे 2011 चे लीफलेट, ज्याचा भार पन्नास किलोबाइटसुद्धा नाही, पुरेसे होते. दुरुस्ती एका ठिकाणी केली, की ती सर्वांस पोचते, हा त्यातला आणखी लाभ.

मात्र बिऱ्हाड म्हटले की घरमालक आला. फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट या ब्राउझरात वसणाऱ्या साधनांवर एके काळी कितीतरी देखणे नकाशे रचले गेले. पुढे फ्लॅशला 2020 च्या अखेरीस आणि सिल्व्हरलाइटला 2021 मध्ये त्यांच्याच मालक कंपन्यांनी निरोप दिला, आणि ज्यांनी वेळीच सामान हलविले नाही त्यांचे नकाशे बंद पडले. 2018 मध्ये गूगलने नकाशे वापरणाऱ्या संकेतस्थळांसाठी दरपत्रक बदलले, तेव्हाही अनेकांना स्वयंसेवकांनी रचलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची वाट धरावी लागली. या ओपनस्ट्रीटमॅपच्या घरात मला दोन्ही पक्षांचा समेट दिसतो: नवखा स्वयंसेवक ब्राउझरातील आयडी संपादकातून आपल्या गल्लीचे नाव घालतो, तर मुरलेला मनुष्य संगणकावर बसणारा जोसम हा प्रोग्राम उघडून अख्खा तालुका तपासतो, आणि दोघांचे लिखाण एकाच माहितीकोशात जमा होते.

म्हणून नकाशाचे काम मक्त्याने देणाऱ्या नगरपालिकांना आणि संस्थांना माझी विनंती एवढीच, की डेस्कटॉप की वेब हा वाद कंत्राटदाराशी घालण्यापूर्वी करारनाम्यात एक कलम अवश्य घालावे: नकाशातील समस्त माहिती जिओपॅकेजसारख्या खुल्या स्वरूपात, दर दुरुस्तीनंतर, आमच्या ताब्यात मिळाली पाहिजे.