पोर्टेबल पॉवर स्टेशनवरील ‘एरर कोड’ : कोणता स्वतः सोडवावा, कोणत्यापासून दूर राहावे

वीजपुरवठा खंडित झाल्यावर दिवे, राउटर, संगणक आणि प्रसंगी रुग्णाचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवण्यासाठी पोर्टेबल पॉवर स्टेशन उपयोगी पडते. हाताने उचलून नेता येणाऱ्या या पेटीत लिथियम बॅटरी, तिचा चार्जर आणि बॅटरीतील डीसी विजेचे २३० व्होल्टच्या एसी विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर, असे तिन्ही भाग एकत्र बसवलेले असतात. मात्र ऐन गरजेच्या वेळी पडद्यावर एखादे अक्षर आणि दोन आकडे झळकतात आणि पुरवठा थांबतो. अशा वेळी बहुतेक जण यंत्र बंद-चालू करून पाहतात किंवा ते बिघडले असे समजून बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात यातील बरेचसे कोड घरच्या घरी काही मिनिटांत सुटणारे असतात. काही थोडे कोड मात्र असे असतात की त्यानंतर यंत्राला हात न लावणेच शहाणपणाचे ठरते. हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

कोड कोण देतो?

पेटीतील प्रत्येक सेलचा दाब, एकूण प्रवाह आणि तापमान यांवर बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच बीएमएस, सतत लक्ष ठेवते. यांपैकी कोणतेही मूल्य ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेले, की ही प्रणाली विद्युतमार्ग तोडते आणि त्याचे कारण कोडच्या रूपाने दाखवते. घरातील एमसीबी पडतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. एमसीबी पडल्यावर आधी कारण शोधावे आणि मगच तो वर करावा, हा नियम येथेही लागू पडतो.

कोडसाठी सर्व कंपन्यांना समान अशी भाषा नाही. एका यंत्रावर जो आकडा अतिभार दर्शवतो, तोच दुसऱ्यावर तापमानाचा इशारा असू शकतो. त्यामुळे आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतील कोडचा तक्ता छापून पेटीलाच चिकटवून ठेवावा. वीज आणि इंटरनेट दोन्ही नसताना तो हाताशी असला पाहिजे. आकडे वेगळे असले, तरी त्यांमागची कारणे मुख्यतः चार गटांत मोडतात : अतिभार, तापमान, चार्जिंगचा दोष आणि बॅटरीतील अंतर्गत दोष.

अतिभार : सर्वांत जास्त आढळणारे कारण

उपकरणावर लिहिलेले वॅट ही त्याच्या नियमित वापराची गरज असते. मोटार किंवा कॉम्प्रेसर असलेली उपकरणे सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट वीज ओढतात. म्हणूनच १५० वॅटचा फ्रिज ५०० वॅटच्या यंत्रावर काही वेळा सुरूच होत नाही. पाण्याचा पंप आणि मिक्सर यांचीही हीच गोष्ट. इस्त्री, किटली, इंडक्शन शेगडी आणि हीटर यांचा सुरुवातीचा झटका मोठा नसतो. परंतु त्यांची नियमित गरजच १,००० ते २,००० वॅटच्या घरात असते.

असा कोड दिसल्यास सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, यंत्राचे एसी बटण बंद करावे आणि मिनिटभर थांबून पुन्हा सुरू करावे. त्यानंतर एकेक उपकरण जोडत जावे. मोटार असलेले उपकरण सर्वांत आधी आणि एकटे सुरू करावे. ज्या उपकरणाबरोबर कोड परत येतो, तेथे एक तर भार जास्त आहे किंवा त्या उपकरणाच्या वायरमध्ये शॉर्टसर्किट आहे. कमी वॅटच्या उपकरणानेही कोड येत असेल, तर दुसरी शक्यता अधिक.

उष्णता आणि थंडी

लिथियम बॅटरी सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करावी लागते. देशातील ऋतुमान पाहता ही मर्यादा दोन्ही टोकांना ओलांडली जाते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तर सामान्य उन्हाळ्यातही तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढते. अशा ठिकाणी ठेवलेले यंत्र चार्जिंग नाकारते, हे योग्यच आहे. त्याला सावलीत आणावे, पंख्याच्या जाळ्या मोकळ्या कराव्यात, धूळ कोरड्या ब्रशने झाडावी आणि अर्धा-एक तास थांबावे. लवकर थंड व्हावे म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे किंवा ओले कापड गुंडाळणे टाळावे. आत ओलावा साचतो.

लडाख किंवा हिमाचल प्रदेशातील हिवाळ्यात याच्या उलट अडचण येते. शून्याखालील तापमानात चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात सेलच्या आत साचू लागते आणि बॅटरीला कायमची इजा होते. त्यामुळे बीएमएस चार्जिंग रोखते. काही प्रमाणात वीज वापरता मात्र येते. यंत्र खोलीत आणून सावकाश उबदार होऊ देणे हाच उपाय. शेगडीजवळ ठेवणे धोक्याचे आहे.

चार्जिंग आणि सौर पॅनेल

भिंतीवरील सॉकेटमधून चार्ज करताना कोड आला, तर आधी पुरवठ्याचा दाब पाहावा. आपल्याकडील प्रमाण २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे; दाब फार खाली गेल्यास चार्जर काम थांबवतो. बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेन्शनमध्येही दाब घसरतो. लहान जनरेटरवर वारंवारिता स्थिर नसल्याने असेच घडते. यंत्रात चार्जिंगचा वेग कमी करण्याची सोय असल्यास ती वापरून पाहावी. परदेशातून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र येथील सॉकेटला थेट जोडू नये.

सौर पॅनेलच्या बाबतीत चूक बहुधा जोडणीत असते. समजा, यंत्राची सौर मर्यादा ६० व्होल्ट आहे आणि प्रत्येक पॅनेलचा विनाभार दाब २८.५ व्होल्ट आहे. दोन पॅनेल एकापुढे एक जोडल्यास ५७ व्होल्ट होतात, म्हणजे हिशेब मर्यादेत बसतो. पण पॅनेलवरील हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. तापमान एक अंशाने उतरले की दाब साधारण ०.३ टक्क्याने वाढतो. उणे ५ अंशांच्या पहाटे तोच दाब सुमारे ६२ व्होल्टपर्यंत जातो आणि यंत्र अतिदाबाचा कोड दाखवते. दर वेळी कोडवरच निभावेल असे नाही. मर्यादा बरीच ओलांडली गेल्यास चार्जरचा भाग जळू शकतो. म्हणून थंड प्रदेशात किमान दहा ते पंधरा टक्के मोकळीक ठेवावी किंवा पॅनेल समांतर जोडावेत. समांतर जोडणीत प्रवाहाची बेरीज होते, त्यामुळे अँपिअरची मर्यादाही तपासावी. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झालेली नाही, हेही पाहावे.

कोडशिवाय बंद पडणे

राउटरसारखे दहा-बारा वॅटचे उपकरण चालू असताना काही तासांनी पुरवठा आपोआप थांबतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. हा दोष नसून वीजबचतीची व्यवस्था असते. फार कमी भार म्हणजे वापर नाही, असे यंत्र गृहीत धरते. ही व्यवस्था सेटिंगमधून बंद करता येते.

टक्केवारी २० वरून एकदम शून्यावर येण्याचे कारणही वेगळे आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे केवळ दाबावरून शिल्लक वीज अचूक कळत नाही. एकदा पूर्ण चार्ज करून, पूर्ण वापरून, पुन्हा पूर्ण चार्ज केल्यास हिशेब बहुतेक वेळा जुळतो.

येथे थांबावे

चौथा गट बॅटरीच्या अंतर्गत दोषांचा आहे : सेलच्या दाबांमध्ये मोठी तफावत, तापमानाच्या संवेदकातील बिघाड, किंवा सेल किमान दाबाच्या खाली जाणे. सेलमध्ये किरकोळ तफावत असेल, तर सावकाश पूर्ण चार्ज केल्यावर बीएमएस ती भरून काढते. त्यानंतरही कोड राहिला, तर यंत्र सेवा केंद्राकडे द्यावे.

कित्येक महिने रिकामी पडलेली बॅटरी चार्ज होत नाही, तेव्हा पेटी उघडून सेलना बाहेरून थेट वीज देण्याचा मार्ग काही जण पत्करतात. हा मार्ग घातक आहे. दाब अतिशय खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळून अंतर्गत शॉर्टसर्किट होण्याची स्थिती निर्माण होते. असा सेल चार्जिंगच्या वेळी पेटू शकतो. बीएमएस नकार देते, ते याच कारणाने. हा प्रसंग टाळणे सोपे आहे : वापरात नसताना यंत्र अर्धे-अधिक भरून ठेवावे आणि दर तीन महिन्यांनी तपासावे.

पेटी फुगणे, रसायनाचा गोडसर किंवा उग्र वास येणे, फुसफुस आवाज, भार नसतानाही चटका बसण्याइतकी उष्णता किंवा धूर, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास कोडचा अर्थ शोधत बसू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. या धुरात विषारी वायू असतात. पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र वाळल्यावर चालू झाले, तरी ते सुरक्षित समजू नये.

रुग्ण घरी असेल तर

संरक्षणाची हीच व्यवस्था रुग्णाच्या घरी अडचणीची ठरू शकते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असताना त्याच पेटीवर कोणी किटली लावली आणि अतिभार झाला, तर किटलीसोबत कॉन्सन्ट्रेटरही बंद पडतो. त्यामुळे अशा उपकरणाबरोबर दुसरे काहीही जोडू नये आणि घरातील प्रत्येकाला हे सांगून ठेवावे.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. १,००० वॅट-तासांच्या यंत्रातून रूपांतरातील घट वजा जाता सुमारे ८५० वॅट-तास हाती येतात. ३५० वॅटचा कॉन्सन्ट्रेटर त्यावर साधारण अडीच तासांपेक्षा कमी चालतो. वीज असतानाच एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर जवळ ठेवावा.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पॉवर स्टेशनची वीज सॉकेटमधून उलट घराच्या वायरिंगमध्ये सोडू नये. वीज परत येताच यंत्र जळू शकते आणि बाहेर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका निर्माण होतो.

तक्रार आणि विल्हेवाट

सेवा केंद्राशी बोलताना मॉडेल क्रमांक, कोडचे छायाचित्र, त्या वेळची टक्केवारी, जोडलेली उपकरणे आणि खोलीचे तापमान ही माहिती द्यावी. कोड पुसण्याआधी छायाचित्र काढून ठेवल्यास निदान लवकर होते. वॉरंटीच्या काळात पेटी स्वतः उघडू नये. दुरुस्तीसाठी यंत्र विमानातून सोबत नेता येत नाही. १६० वॅट-तासांपेक्षा मोठ्या लिथियम बॅटरीला प्रवासी सामानात परवानगी नाही.

निकामी यंत्र घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात देणे धोकादायक आहे. देशात लागू असलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे यंत्र ज्या कंपनीचे आहे, तिच्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडेच ते सोपवावे.