छताचा दिवा बदलताना : एलईडी पॅनेलविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरोघरी छताखालच्या जुन्या ट्यूब आणि सीएफएल उतरत आहेत आणि त्यांच्या जागी सपाट एलईडी पॅनेल येत आहेत. हा बदल योग्य दिशेनेच चालला आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'उजाला' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने एलईडी बल्ब सामान्य घरांत पोहोचवला. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ४० रुपयांच्या आत आला. दिवा झपाट्याने स्वस्त झाला, पण त्याच्याकडे पाहण्याची आपली सवय जुन्या बल्बच्या काळातलीच राहिली. बल्ब गेला की दुसरा लावायचा, एवढाच तेव्हा विषय असे. एलईडीचे तसे नाही. प्रकाश देणारी चिप, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर, उष्णता बाहेर नेणारी धातूची पाठ आणि दिवा बसवला आहे ती जागा, या चारही गोष्टी मिळून त्याचा उजेड आणि आयुष्य ठरवतात. पॅनेलविषयीचे बहुतेक गैरसमज यातली एकच गोष्ट पाहून बाकीच्या विसरल्यामुळे झाले आहेत.

गैरसमज : जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड, आणि पांढरा शुभ्र प्रकाश म्हणजे आणखी उजेड

वॅट हे विजेच्या खपाचे माप आहे; उजेड लुमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० लुमेन देई. चार फुटी ३६ वॅटची ट्यूब नवी असताना २,४०० लुमेनच्या आसपास देते. आजचे साधे एलईडी दिवे एका वॅटमागे सुमारे १०० लुमेन देतात. म्हणजे ट्यूब काढून १५ वॅटचे एकच पॅनेल लावले, तर कागदावरच उजेड बराच कमी होतो. मात्र फरक केवळ आकड्यांचा नाही. ट्यूब चहूबाजूंनी प्रकाश टाकते, त्यामुळे त्या प्रकाशाचा बराच भाग छताला आणि भिंतींना लागून खोलीभर पसरतो. पॅनेल जवळजवळ सगळा प्रकाश खाली टाकते. त्यामुळे पॅनेलखालच्या टेबलावर भरपूर उजेड दिसतो, पण कोपरे आणि कपाटाचे वरचे खण अंधारे राहतात आणि नवा दिवा कमी पडतो अशी तक्रार सुरू होते. खोलीच्या मध्यभागी २४ वॅटचे एक पॅनेल लावण्यापेक्षा अंतर राखून १२ वॅटची दोन लावली, तर तेवढ्याच विजेत उजेड सारखा पसरतो. स्वयंपाकघरात हे विशेष जाणवते. दिवा पाठीमागे असला की ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची सावली नेमकी चिरण्याच्या पाटावर पडते, आणि वॅट वाढवून ती जात नाही. तिथे ओट्यावरच वेगळा दिवा हवा. पिवळसर ३,००० केल्विन आणि निळसर पांढरा ६,५०० केल्विन हे आकडे प्रकाशाचा रंग सांगतात, त्याचे प्रमाण नव्हे. निळसर प्रकाश डोळ्यांना अधिक प्रखर वाटतो, एवढेच.

गैरसमज : जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब अडकवली की काम झाले

पॅनेलऐवजी जुनीच पट्टी वापरायचा मोह स्वाभाविक आहे, आणि तो चुकीचाही नाही. पण सगळ्या एलईडी ट्यूब एकसारख्या नसतात. काही ट्यूब जुन्या पट्टीतल्या चोकसह चालतात. त्यांच्यासोबत मिळणारा खास स्टार्टर जुन्याच्या जागी लावायचा असतो. बऱ्याच ट्यूबना मात्र थेट वीजपुरवठा लागतो, म्हणजे चोक आणि स्टार्टर दोन्ही काढून वायरिंग बदलावे लागते. त्यातही काहींना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, तर काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. दुसऱ्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये बसलेले आणि दुसरे हातात असताना पुरवठा चालू असेल, तर उघड्या पिनांतून झटका बसू शकतो. म्हणून नुसते बटण बंद करून भागत नाही. अनेक जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते आणि ते बंद असूनही फेज दिव्यापर्यंत पोहोचलेला असतो. बंद केल्यावरही एलईडी अंधूक मिणमिणत राहतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. तेव्हा मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करूनच काम करावे. वायरिंग बदललेल्या पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवावी, कारण पुढे कोणी तिच्यात पुन्हा जुनी ट्यूब बसवली, तर चोकचा अटकाव नसल्याने धोका होतो.

गैरसमज : एलईडी तापत नाही आणि वर्षानुवर्षे जात नाही

एलईडीच्या प्रकाशाखाली हात धरला तर ऊब लागत नाही, त्यावरून हा समज झाला. प्रत्यक्षात त्याला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो. फक्त ती प्रकाशाबरोबर समोर येत नाही, चिपच्या पाठीमागे साठते. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असते. रोज सहा तासांच्या हिशेबाने ती अकरा वर्षे होतात. पण या आकड्याचा अर्थ सहसा असा की, ठरावीक तापमानात एवढे तास चालल्यावर उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. हे आयुष्य चिपचे आहे. घरात बंद पडतो तो बहुधा ड्रायव्हर, आणि त्यातही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ढोबळमानाने, तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. पीओपीच्या छतात बसवलेल्या पॅनेलचा ड्रायव्हर मिटलेल्या पोकळीत असतो. वर गच्चीचा स्लॅब आणि खाली पॅनेलची पाठ, दोन्ही तापलेले. त्यात पावसाळ्यात वीज जाऊन येताना बसणारे दाबाचे धक्के. दोन वर्षांत गेलेल्या पॅनेलवरून एलईडीचे तंत्रच कुचकामी ठरवणारे लोक भेटतात. त्यांचा अनुभव खरा असतो, निष्कर्ष मात्र चुकतो. ड्रायव्हर वेगळा असलेले पॅनेल घेतले, तर चिप शाबूत असताना थोडक्या खर्चात तेवढाच भाग बदलता येतो. ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीवर न टेकवता बाजूला मोकळा ठेवणे हेही आयुष्य वाढवण्यासाठी मोलाचे आहे.

गैरसमज : एलईडी लावले की वीजबिल निम्मे होते

जुनी ४० वॅटची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून सुमारे ५२ वॅट घेतात. तेवढेच काम २० वॅटच्या एलईडीने होते. रोज सहा तासांत १९२ वॅट-तास, म्हणजे वर्षाला ७० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर ७०० रुपये. एका दिव्याचा खर्च वर्षभरात निघून यायला हे पुरेसे आहे. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही बचत सगळ्यात महागड्या युनिटांतून होते. तरीही अशा चार ट्यूब बदलून महिन्याला २३ युनिट वाचतात. २,००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट खातो. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो दिवसाला बारा तास फिरला, तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. याउलट १८ वॅटच्या सीएफएलऐवजी १२ वॅटचे पॅनेल लावल्यास वर्षाला जेमतेम १३ युनिटांचा फरक पडतो. चालू दिवा टाकून देणे ही उधळपट्टी नाही का, या आक्षेपाचे उत्तर याच हिशेबात आहे. संध्याकाळभर जळणारी चोकवाली ट्यूब आजच बदलावी. माळ्यावरची, महिन्यातून एकदा लागणारी ट्यूब जाईपर्यंत खुशाल वापरावी. गेल्यावर ती फोडून कचऱ्यात टाकू नये. तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असतो आणि ई-कचऱ्याच्या नियमांत अशा दिव्यांचा समावेश आहे.

गैरसमज : एलईडीच्या निळ्या प्रकाशाने डोळे जातात

पांढऱ्या एलईडीचे मूळ निळ्या चिपमध्येच आहे. तिच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरगुती पॅनेलच्या नेहमीच्या वापरात डोळ्यांच्या पडद्याला इजा होईल इतका निळा प्रकाश पोहोचत नाही. मात्र रात्री उशिरापर्यंत प्रखर निळसर उजेडात बसल्याने झोप लांबते, म्हणून झोपण्याच्या खोलीत ३,००० केल्विनचा दिवा बरा. डोकेदुखीची तक्रार असेल, तर आधी लुकलुक तपासावी. स्वस्त ड्रायव्हर विजेतला चढउतार नीट गाळत नाही आणि दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते उघड दिसत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर लुकलुक जास्त आहे असे समजावे.

एकच पॅनेल एका घरात दहा वर्षे चालते आणि दुसऱ्या घरात दोन वर्षांत जाते, यात नशिबाचा भाग थोडा असतो. बाकीचा निर्णय खरेदीच्या आणि बसवण्याच्या दिवशी झालेला असतो. दुकानात किमतीआधी लुमेन विचारावेत, भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा, ड्रायव्हर सुटा मिळतो का आणि त्याची हमी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्यावे. छतात भोके पाडण्याआधी दिव्यांच्या जागा खोलीतल्या कामांप्रमाणे ठरवाव्यात. ही चौकशी करायला दहा मिनिटे पुरतात, आणि एलईडीची सारी बचत तिच्यावरच अवलंबून असते.