मान वळली आणि खोली थांबली

सकाळी अंथरुणातच तुम्ही कुशीवर वळता आणि अख्खी खोली गरगरू लागते. पंखा, कपाट, खिडकी, सगळं भिंगरीसारखं! अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबतं, पण पुन्हा कूस बदलली की पुन्हा तेच. मग फिजिओथेरपिस्ट तुम्हाला खाटेवर बसवतात, डोकं ठरावीक दिशांना वळवतात आणि काही मिनिटांत चक्कर गायब होते. गोळी नाही, सुई नाही. एरवी गुडघे वाकवून घेणाऱ्या या हातांनी नेमकं केलं तरी काय?

त्यांनी तुमच्या कानातले दगड हलवले!

कानाच्या अगदी आत, कवटीच्या हाडात, दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात. जणू गवंड्याच्या तीन पाणसळीच. डोकं वळलं की नळीतला द्रव मागे रेंगाळतो, तिथला मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला वळण्याची दिशा कळते.

शेजारच्या इवल्या पिशवीत तर आणखी नवल. तिथल्या चिकट गादीवर असंख्य सूक्ष्म स्फटिक रुतलेले असतात. ते कशाचे? कॅल्शियम कार्बोनेटचे. समुद्रकाठचा शिंपला ज्याचा, त्याचेच! त्यांच्या वजनामुळे डोळे मिटूनही आपल्याला खाली कुठे ते समजतं.

वय वाढलं किंवा डोक्याला मार बसला, की यातले काही कण सुटून नळीत शिरतात, बहुतेकदा मागच्या नळीत. कूस बदलली की ते घरंगळतात आणि द्रवाला ढकलतात. डोकं स्थिर, पण मेंदूला निरोप जातो: आपण फिरतोय! त्याबरोबर बुबुळं हिसके देऊ लागतात. किती सोयीचं! हे हिसके पाहूनच कण कुठल्या कानात, कुठल्या नळीत आहेत ते ओळखता येतं. डॉक्टर डिक्स आणि हॉलपाईक यांनी ही तपासणी १९५२ साली मांडली.

पण कण परत आणायचे कसे? अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एप्ली यांचं उत्तर थक्क करणारं होतं: घरंगळत गेले, तर घरंगळतच परत येतील. १९९२ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

लहानपणी काचेखालच्या चकव्यातला छर्रा डबी तिरकी करत घरात पोहोचवला होता ना? तोच खेळ. डोकं कण सुटलेल्या कानाकडे ४५ अंश वळवून झटकन आडवं करायचं, मान खाटेच्या कडेवरून किंचित खाली. थांबायचं. डोकं ९० अंश दुसरीकडे. थांबायचं. मग अंगासकट कुशीवर, नजर जमिनीकडे. पुन्हा थांबायचं, आणि उठून बसायचं. प्रत्येक थांब्यावर कण नळीच्या वळणातून थोडे पुढे सरकतात आणि शेवटी पिशवीत उतरतात.

प्रत्येक चक्कर या कणांमुळे येत नाही, म्हणून आधी तपासणी हवीच. पण कारण हेच असेल, तर बहुतेकांना एक-दोन वेळा पुरतं. औषध कोणतं? तुमच्या अंगाचं वळण, जाणकार हात आणि पृथ्वीची ओढ.

दुसऱ्या सकाळी तुम्ही भीत भीत कूस बदलता, वर पाहता. पंखा जागच्या जागी!